थंड सावली, ताजे फळ, गार पाणी

सूरह तकासुरची शेवटची आयत आपल्या घरांतील बहुतेक मुलांना तोंडपाठ असते. सूरह लहान, म्हणून मक्तबात ती लवकर शिकविली जाते. कियामतच्या दिवशी तुम्हांला नेमतींविषयी अवश्य विचारले जाईल, असा त्या आयतीचा आशय आहे. नेमत हा शब्द ऐकला की वडीलधाऱ्यांच्या मनात पैसा, जमीन, गाडी, आखातातील नोकरी असा मोठा हिशेब सुरू होतो. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी मात्र या नेमतींचा अर्थ उलगडून दाखविला तो एका यजमानाच्या घरी, जेवण झाल्यावर, आणि अगदी साध्या वस्तूंकडे लक्ष वेधून.

ही घटना ‘सहीह मुस्लिम’मध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आली आहे. पैगंबर (स.) घराबाहेर पडले, तो हजरत अबू बक्र आणि हजरत उमर (रजि.) भेटले. तिघांनाही भुकेनेच बाहेर काढले होते. ते एका अन्सारी सहाबींच्या घरी गेले. घरधनी नव्हते. ते गोडे पाणी आणावयास गेले आहेत, असे त्यांच्या पत्नीने सांगितले आणि पाहुण्यांचे स्वागत केले. थोड्या वेळाने ते परतले. पाहुण्यांना पाहताच त्यांनी अल्लाहची स्तुती केली. आज माझ्याइतके थोर पाहुणे कोणाच्याही घरी नाहीत, असे ते म्हणाले. खजुराचा घड त्यांनी पुढे ठेवला. त्यात कच्चा, सुका, ताजा असा सर्व प्रकारचा खजूर होता. मग सुरी हाती घेतली, तेव्हा दुभते जनावर कापू नका, एवढी सूचना पैगंबर (स.) यांनी केली. सर्वांनी पोटभर खाल्ले, पाणी प्यायले. त्यानंतर पैगंबर (स.) आपल्या दोघा साथीदारांना म्हणाले की, याच नेमतीविषयी तुम्हांला विचारणा होणार आहे. ‘तिर्मिजी’तील वर्णनात यजमानांचे नाव अबुल हैसम (रजि.) असे आले असून तेथे नेमतींची नावेही आहेत: थंड सावली, उत्तम ताजे फळ आणि गार पाणी.

वाचकहो, कोकणातल्या मे महिन्याचे वर्णन करावयास याहून वेगळे शब्द लागत नाहीत. काजळी नदी समुद्राला मिळते त्या खाडीच्या एका तीरावर रत्नागिरीचा राजिवडा आणि दुसऱ्या तीरावर आमचे भाट्ये. पूल ओलांडला की सुरूचे बन, नारळाच्या वाड्या आणि पावसकडे जाणारा रस्ता. शाळांना सुट्या लागल्या की मुंबईची, पुण्याची, रजेवर आलेली आखातातली माणसे घरी येतात. एरवी तीन माणसांच्या घरात पंधरा ताटे वाढली जातात. पडवीत आंब्याची आढी, खळ्यात वाळत घातलेले रातांबे आणि आंबोशी, ओटीवर मुलांचा दंगा. सकाळी कोणी खाडीवर जातो, सायंकाळी सारे किनाऱ्यावर.

याच दिवसांत दोन टोकांची मते ऐकू येतात. एक गट म्हणतो, सुटी आहे, मुलांच्या मागे नमाज-कुरआनचा तगादा लावू नका. दुसरा म्हणतो, आंबे, समुद्र, गप्पा यांत महिना वाया गेला. दोन्ही मतांचा पाया एकच, की हा आनंद दीनच्या बाहेरचा आहे. वरील हदीस तसे मानत नाही. खजूर खाणे, सावलीत बसणे, गार पाणी पिणे हे पैगंबर (स.) यांनी वर्ज्य ठरविले नाही, उलट मनमोकळेपणे स्वीकारले, आणि त्याच क्षणी त्याचा हिशेब द्यावा लागेल, हेही सांगितले. म्हणून उन्हाळ्यातील घराच्या या साध्या सुखांकडे आपण हिशेबाच्या दृष्टीने पाहू.

पाण्यापासून आरंभ करू. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तरी एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. खाडीलगत तर पाणी मचूळ होऊ लागते. अबुल हैसम (रजि.) गोड्या पाण्यासाठी घराबाहेर गेले होते, हा तपशील आपल्या स्त्रियांना समजावून सांगावा लागत नाही. ‘बुखारी’त हजरत जाबिर (रजि.) यांची आणखी एक हदीस आहे. भर उन्हाच्या वेळी पैगंबर (स.) एका अन्सारींच्या बागेत गेले आणि रात्रभर मशकीत ठेवलेले पाणी असल्यास द्या, असे त्यांनी विचारले. रात्रभर ठेवलेले पाणी म्हणजे आपल्या माठातले पाणी. ते आवडणे, ते मागणे ही सुन्नतच्या विरुद्ध गोष्ट नव्हे. त्याचबरोबर हजरत अनस (रजि.) सांगतात की पैगंबर (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करीत. मुद्द म्हणजे आजच्या मापाने साधारण अर्धा ते पाऊण लिटर. नळ सोडून वुजू करणाऱ्या मुलाच्या हाती या सुटीत एक लोटा द्यावा आणि तेवढ्यात वुजू पुरा करून दाखविण्यास सांगावे. मुले या गोष्टीत पैज लावतात, आणि मोठ्यांना हरवितात.

सावलीचा विषय याहून मोठा आहे, कारण सावलीवर आपल्या नमाजांच्या वेळा उभ्या आहेत.

मे महिन्याच्या ८ तारखेच्या आसपास रत्नागिरीत भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. त्यानंतर सूर्य आणखी उत्तरेकडे सरकतो, म्हणून मेच्या उत्तरार्धात मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते. वर्षभर उत्तरेकडे पडणारी सावली दिशा बदलते, हे आपल्यातील कित्येकांनी कधी पाहिलेले नसते. ऑगस्टच्या आरंभी सूर्य पुन्हा डोक्यावरून परततो, पण तेव्हा आभाळ भरलेले असते. खळ्यात एक सरळ काठी रोवावी. साडेबाराच्या सुमारास सावली सर्वांत आखूड होते आणि पुन्हा वाढू लागते, तो जवाल. तेथून जुहरची वेळ सुरू होते. मध्यान्हीची जी सावली असेल ती वजा करून सावली काठीच्या उंचीइतकी झाली की शाफई मजहबप्रमाणे असर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यान्हीची सावली जवळजवळ नसतेच, त्यामुळे वजाबाकीही करावी लागत नाही. पावणेचारच्या सुमारास काठी आणि सावली सारखी होते. मुंबईहून आलेले भावंड विचारते की आमच्या इमारतीजवळच्या मशिदीत असर पाचनंतर होते, मग खरी वेळ कोणती? ती मशीद हनफी असेल, त्यांच्याकडे सावली दुप्पट व्हावी लागते, एवढे उत्तर पुरे. मोबाइलमधील वेळापत्रक मुलाला आकडा देते. काठी त्याला तो आकडा कोठून आला ते दाखविते.

उन्हाच्या तीव्रतेत जुहर थोडी थंडाव्याला न्यावी, असे ‘बुखारी’ व ‘मुस्लिम’च्या हदीसमध्ये आले आहे, आणि उन्हाची तीव्रता जहन्नमच्या श्वासापासून आहे, असेही. या सवलतीला फिकहमध्ये इब्राद म्हणतात. आमच्या शाफई इमामांनी तिला मर्यादा घातल्या आहेत: प्रदेश उष्ण असावा, लोक जमातसाठी लांबून उन्हातून येणारे असावेत, आणि उशीर इतकाच व्हावा की चालणाऱ्याला भिंतींची सावली मिळू लागावी. घरी पंख्याखाली असर होईपर्यंत लोळण्याला इब्राद म्हणत नाहीत.

दुपारची झोप मात्र सुन्नतच्या चौकटीतील आहे. हजरत सहल बिन सअद (रजि.) सांगतात की आम्ही जुमाच्या दिवशी दुपारचे जेवण आणि विश्रांती जुमानंतर करीत असू. ही विश्रांती म्हणजे कैलूला. आणि येथे कुरआन अशा एका गोष्टीकडे वळतो, जी भरलेल्या घरात सर्वांत आधी विसरली जाते. सूरह नूरच्या ५८व्या आयतीत अल्लाहने तीन वेळा नेमून दिल्या आहेत, ज्या वेळी घरातील सेवकांनी आणि अद्याप वयात न आलेल्या मुलांनीही परवानगी घेऊनच आत यावे: फजरपूर्वी, दुपारी तुम्ही कपडे उतरवून ठेवता तेव्हा, आणि इशानंतर. दुपारचा उल्लेख आहे तो उन्हामुळेच. उकाड्यात माणूस सैल कपड्यांत पडतो; ती त्याची खासगी वेळ आहे. पुढील आयतीत सांगितले आहे की मुले वयात आली की त्यांनी नेहमीच परवानगी घ्यावी.

आता आपले उन्हाळ्यातले घर पाहा. वाऱ्यासाठी सारी दारे उघडी. एका खोलीत दोन जावा आपल्या मुलांसह पडलेल्या, दुसरीत नवविवाहित जोडपे, माळ्यावर वयात आलेली मुले. दाराला पडदा असलाच तर तो वाऱ्याने उडालेला. अशा घरात पाच वर्षांच्या मुलाला दाराबाहेर थांबून ‘आत येऊ का?’ असे विचारण्यास शिकविणे ही शहरी टापटीप नव्हे, कुरआनचा आदेश आहे. लहानपणी तो शिकला नाही, तर पंधराव्या वर्षी शिकणार नाही. मोठ्यांनीही हे स्वतःला लावून घ्यावे. ‘मुवत्ता’मध्ये आले आहे की एका माणसाने विचारले, आईकडे जातानाही परवानगी घ्यावी का? तिच्याच घरात राहतो, तिची सेवा करतो, असेही तो म्हणाला. पैगंबर (स.) यांनी प्रत्येक वेळी होकारच दिला आणि आईला विवस्त्र पाहणे तुला आवडेल का, असा प्रतिप्रश्न केला.

याला एक आधुनिक पुरवणी जोडणे भाग आहे. ‘बुखारी’तील हदीसनुसार परवानगीचा नियम नजरेसाठीच आहे. नजर आता डोळ्यांपुरती राहिलेली नाही. दुपारी झोपलेल्या आत्याचे, केस मोकळे सोडून आंबे कापणाऱ्या भाभीचे छायाचित्र थट्टेने काढले जाते आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले जाते. त्या गटात चुलत, आते, मावस अशी साठ माणसे असतात, आणि त्यांतील निम्मे तिच्यासाठी गैरमहरम असतात. दारावर पडदा लावून आत कॅमेरा फिरविण्यात काय अर्थ आहे? घरातील मोठ्यांनी सुटीच्या पहिल्याच दिवशी हा नियम स्पष्ट शब्दांत सांगावा.

सावलीविषयी आणखी एकच. लोक ज्या सावलीत बसतात ती घाण करणे हे लानत ओढवून घेणारे कृत्य आहे, असे ‘सहीह मुस्लिम’मध्ये आले आहे. रविवारी सायंकाळी सुरूच्या बनात फिरून यावे आणि आपण मागे काय ठेवून आलो ते पाहावे.

रात्री मात्र घराचे खरे रूप दिसते. इशानंतर खळ्यात चटया पसरल्या जातात, नानी मध्यभागी, आणि भोवती नातवंडे. इशानंतर गप्पा मारणे पैगंबर (स.) यांना आवडत नसे, ही हदीस ठाऊक असलेला एखादा तरुण येथे भुवया उंचावतो. त्याने ‘सहीह बुखारी’ आणखी थोडी वाचावी. इमाम बुखारी (रह.) यांनी पाहुण्यांशी व घरच्यांशी रात्री गप्पा करण्यावर स्वतंत्र बाब बांधला आहे. आणि मावशीच्या घरी मुक्कामाला गेलेल्या एका मुलाची सर्वांत सुंदर हकीकतही याच ग्रंथात आहे.

तो मुलगा म्हणजे हजरत अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.). उम्मुल मोमिनीन हजरत मैमूना (रजि.) या त्यांच्या सख्ख्या मावशी. एका रात्री ते मावशीकडे राहिले. पैगंबर (स.) घरी आले, त्यांनी पत्नीशी काही वेळ गप्पा केल्या, छोटा झोपला का, अशी चौकशी केली आणि निजले. इब्न अब्बास (रजि.) उशीच्या रुंदीकडे डोके ठेवून झोपले होते, पैगंबर (स.) आणि मावशी लांबीकडे. एकच उशी, तीन माणसे. मध्यरात्रीच्या सुमारास पैगंबर (स.) उठले, चेहऱ्यावर हात फिरवून झोप पुसली, सूरह आले इम्रानच्या शेवटच्या दहा आयती पढल्या, टांगलेल्या मशकीतून पाणी घेऊन वुजू केले आणि नमाजला उभे राहिले. मुलगा झोपलेला नव्हता. तोही उठला, जसे पाहिले तसे केले आणि डाव्या बाजूस जाऊन उभा राहिला. पैगंबर (स.) यांनी त्याचा कान हलकेच धरून त्याला उजव्या बाजूस आणले.

इमामच्या उजवीकडे एकट्या मुक्तदीने उभे राहावे, हा मसला जगभरच्या फिकहग्रंथांनी या रात्रीवरून घेतला आहे. कोणी धडा दिला नव्हता, कोणी उठविले नव्हते. मुलगा पाहुणा म्हणून आला होता आणि त्याने मोठ्यांना खासगीत काय करतात ते पाहिले. आपल्या खळ्यात झोपलेली मुलेही पाहतच असतात. मे महिन्यात आपल्याकडे पहाटे पाचच्या आत फजरची वेळ सुरू होते आणि सहाच्या सुमारास सूर्य उगवतो. रात्री दीडपर्यंत चाललेल्या मैफलीतला चाचा सकाळी साडेआठला उठतो, हे मुलाने पाहिले की त्याला दुसरा काही धडा द्यावा लागत नाही. गप्पा अवश्य व्हाव्यात. साडेदहाला चटया गुंडाळाव्यात.

आता फळाकडे, कारण हिशेब खरा कठीण होतो तो येथे.

मोसमाचे पहिले फळ लोक पैगंबर (स.) यांच्याकडे आणीत, ते मदीनेच्या फळांत व मापांत बरकत मागत आणि मग उपस्थितांतील सर्वांत लहान मुलाला बोलावून ते फळ त्याच्या हाती देत (‘सहीह मुस्लिम’). आपल्याकडे पहिली पेटी वाशीच्या बाजारात जाते, दुसरी कोणा साहेबाकडे, आणि घरातील मुलांच्या वाट्याला डागी आंबा येतो. बाजाराला माझा विरोध नाही, घर त्यावर चालते. पण आढीतला पहिला पिकलेला आंबा घरातल्या सर्वांत लहानाच्या हाती देऊन दुआ करण्यास काय खर्च येतो?

पडलेल्या आंब्याचा मसला मुले हटकून विचारतात. हजरत राफे बिन अम्र (रजि.) लहान असताना अन्सारांच्या खजुरीवर दगड मारीत. त्यांना पकडून पैगंबर (स.) यांच्यासमोर आणले गेले. भूक लागते म्हणून मारतो, असे त्यांनी सांगितले. दगड मारू नकोस, खाली पडलेले खा, असे सांगून पैगंबर (स.) यांनी त्यांच्यासाठी पोट भरण्याची दुआ केली. इमाम नववी (रह.) यांनी या बाबतीत गावच्या रिवाजाला महत्त्व दिले आहे: कुंपणाबाहेर पडलेले फळ उचलू देण्याची रीत असेल तर चालेल, कुंपणाच्या आतले मालकाच्या संमतीविना नाही. रायवळ आंब्याच्या बाबतीत आपल्या गावांत ती रीत पूर्वापार आहे. ठेक्याने दिलेल्या हापूसच्या बागेत ती नाही. तेथे पडलेला आंबाही ठेकेदाराच्या हिशेबात असतो. (मोहोर येताच किंवा दोन-तीन वर्षांसाठी बाग विकण्याचा व्यवहार शरीअतमध्ये कितपत बसतो, हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे, फळ पक्वतेला लागण्यापूर्वी विकण्यास हदीसमध्ये मनाई आहे. त्यावर स्वतंत्र लेखच हवा.)

खाडीचीही फळे आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण आले की ओहोटीही खोल जाते, आणि तिसऱ्या काढावयास घरेच्या घरे खाडीत उतरतात. हिजरी तारीख ठाऊक असेल तर उधाणाचे दिवस आपोआप कळतात. मुलांना चांद्रमास शिकविण्यास याहून चांगली शाळा नाही. समुद्रातील शिकार हलाल असल्याचे सूरह माइदामध्ये आले आहे, आणि शाफई मजहबमध्ये तिसऱ्या, कालवे यांना त्यातच धरतात. हनफी मजहबमध्ये मासळीखेरीज इतर जलचर खात नाहीत. मराठवाड्यातून आलेल्या सुनेने ताट बाजूस सारले तर तिची थट्टा करू नये. ती आपल्या इमामांच्या मताप्रमाणे चालत आहे. तिला बांगडा तळून द्यावा. कुर्लीविषयी आमच्याच ग्रंथांत मतभेद आहेत, तेव्हा तो वाद जेवणाच्या पंगतीत नको.

मेअखेर आगोटीची लगबग सुरू होते. १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते, म्हणून सुकट, बोंबील, आमसूल, आंब्याचे साठ, पापड यांची बेगमी करावी लागते. हे तवक्कुलच्या विरुद्ध आहे, असे कोणी म्हणत असेल तर हजरत उमर (रजि.) यांची हदीस पाहावी: पैगंबर (स.) आपल्या घरच्यांसाठी वर्षभराचे अन्न साठवून ठेवीत. प्रश्न साठवणुकीचा नाही. प्रश्न हा की हे सारे कोण करते. पंधरा माणसांची सांदणे, भाकऱ्या, मासळी साफ करणे, भर उन्हात साठ पसरणे, संध्याकाळी मुंग्या झटकून ते उचलणे. आणि मग रात्री सर्वांच्या शेवटी जेवणे. एका स्त्रीची सुटी इतरांच्या सुटीमुळे संपते. पैगंबर (स.) घरी काय करीत, असे हजरत आयशा (रजि.) यांना विचारले असता, ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत, असे उत्तर त्यांनी दिले. मुंबईहून आलेल्या भावाने विहिरीवरून चार हंडे आणले, तिसऱ्या धुतल्या, आपले ताट आपण विसळले, तर त्याची शान कमी होत नाही. पाहुणचाराचा हक्क तीन दिवसांचा आहे आणि यजमानाला अडचणीत टाकीपर्यंत राहणे पाहुण्याला हलाल नाही, हे ‘बुखारी’ व ‘मुस्लिम’ दोन्हींत आहे. रक्ताच्या नात्याचा हक्क पाहुणचारापेक्षा मोठा आहे, मान्य. म्हणूनच महिनाभर राहणाऱ्याने पाहुणा राहू नये, घरचा व्हावे; हातानेही आणि खर्चानेही.

सूरह नूरच्या ६१व्या आयतीत कोणाकोणाच्या घरी निःसंकोच जेवावे, याची यादीच दिली आहे: बाप, आई, भाऊ, बहीण, चाचा, फुफी, मामू, खाला, ज्याच्या घराच्या किल्ल्या तुमच्या हाती आहेत तो, आणि मित्र. एकत्र जेवा वा वेगवेगळे, आणि घरात शिरताना सलाम करा. मामूचे घर आणि खालाचे घर नावानिशी कुरआनात आले आहे, हे मी मुलांना सांगतो तेव्हा त्यांचे डोळे चमकतात. मात्र ही मोकळीक नात्यातील गृहीत संमतीवर उभी आहे, आणि ती खाण्यापुरती आहे. घरी नेण्याच्या पेटीसाठी विचारावेच लागते.

आणि येथेच तो प्रश्न येतो, जो मे महिन्यात प्रत्येक वाडीत उभा असतो आणि कोणी काढीत नाही. मामूच्या घरी आंबे खाणाऱ्या त्या मुलाच्या आईचा या कलमांत वाटा आहे की नाही?

सूरह निसाच्या ७व्या आयतीत आईबाप व नातलग मागे ठेवतात त्यात पुरुषांचा वाटा आहे आणि स्त्रियांचाही, मालमत्ता थोडी असो वा फार, असा ठाम निर्णय आहे. उदाहरण घेऊ. एक गृहस्थ वारले, कर्ज वगैरे फिटले आहे. मागे पत्नी, दोन मुलगे, दोन मुली, आणि ४८ कलमांची वाडी. सारी कलमे सारख्या मोलाची धरू. पत्नीचा आठवा हिस्सा म्हणजे ६ कलमे. उरलेल्या ४२चे सहा भाग. प्रत्येक मुलाला दोन भाग म्हणजे १४, प्रत्येक मुलीला एक भाग म्हणजे ७. एवढे सरळ गणित आहे. प्रत्यक्षात काय होते? बहीण मेमध्ये माहेरी येते, महिनाभर तिचे लाड होतात, जाताना एक पेटी आणि थोडी आमसुले मिळतात. सातबाऱ्यावर तिचे नाव नसते, किंवा असल्यास हक्कसोडपत्रावर तिची सही घेतलेली असते. विचारले तर भाऊ म्हणतो, तिने खुशीने दिले. खुशीने दिले असेल तर ते हलाल आहे, यात वाद नाही; पण मुसलमानाचे धन त्याच्या मनाच्या खुशीविना हलाल नाही, ही हदीसही आहे. वाटा मागितला तर माहेर तुटेल, पुढच्या मेमध्ये कोणत्या तोंडाने येऊ, या भीतीने केलेली सही खुशीची कशी? माणसाला लाजेच्या पेचात धरून घेतलेले धन बळजबरीने घेतल्यासारखेच आहे, असे इमाम गजाली (रह.) यांनी लिहिले आहे.

भावाचीही बाजू आहे, ती टाळता येणार नाही. खत, फवारणी, राखण, काढणी सारे त्याने केले. बहीण ठाण्यात राहते, ती कलमे कशी सांभाळणार? फिकहमध्ये यासाठी मार्ग आहेत. केलेला खर्च उत्पन्नातून वजा करून उरलेले वाटता येते. किंवा बहिणीने आपली सात कलमे भावाकडे मशागतीसाठी द्यावीत आणि फळाचा ठरावीक भाग घ्यावा. याला मुसाकात म्हणतात. खैबरच्या बागा पैगंबर (स.) यांनी याच पद्धतीने दिल्या होत्या. शाफई मजहबच्या प्रचलित मतात मुसाकात खजूर व द्राक्षापुरती आहे, पण सर्व फळझाडांना ती लागू करणारे इमाम शाफई (रह.) यांचे जुने मत इमाम नववींनी पसंत केले आहे, तेव्हा आंब्याला वाट मोकळी आहे. तिला विकावयाचे असेल तर भावाने बाजारभावाने, हप्त्यांनी का होईना, ती घ्यावीत. आणि सारे समजून-उमजून, कोणाच्या दडपणाविना तिने सोडून दिले, तर तो तिचा दानधर्म आहे; मात्र आधी वाटा तिच्या नावे व्हावा, ताब्यात यावा, मग तिने द्यावा. हाती न आलेल्या वस्तूचे औदार्य तिच्याकडून वदवून घेऊ नये.

हे बोलणे फोनवर होत नाही. ते करण्यास सारी भावंडे एका छपराखाली असावी लागतात, आई हयात असल्यास तिच्यासमोर, आणि तसे दिवस वर्षात हेच. असरनंतर ऊन उतरते, मुले किनाऱ्यावर गेलेली असतात, घरात तासभर शांतता असते. सातबारा, आठ-अ आणि कलमांची मोजणी पुढे ठेवून बसावे, गावातील आलिमला बोलवावे, ठरेल ते कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि तलाठ्याकडे अर्ज द्यावा. परतीच्या गाडीची तिकिटे बहुधा जूनच्या पहिल्या आठवड्याची असतात, आणि त्यानंतर पाऊस.